तंजावरचा शिलालेख आणि माझे तीनशे बारा फोटो

२०१० साली मी वेलिंग्टनला स्टाफ कोर्स करत होतो. मध्ये चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि आम्ही उभयतांनी तंजावरला जायचं ठरवलं. निघायच्या आदल्या रात्री अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. अण्णा वाईजवळच्या शाळेत इतिहासाचे शिक्षक होते.

"तंजावरला जातोयस तर एक काम कर. मोठ्या देवळात मराठी शिलालेख आहे, सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. त्याचे फोटो काढून आण. वाचता आला पाहिजे मात्र."

नवाकोरा कॅमेरा घेतला होता. दोन दिवसांत तीनशे बारा फोटो काढले. पुढच्या रजेत घरी गेलो, लॅपटॉप उघडून अण्णांसमोर ठेवला. त्यांनी एकेक फोटो शांतपणे बघितला. तीनशे बारावा झाल्यावर चष्मा काढून म्हणाले, "देऊळ दिसलं, सूनबाई दिसल्या, तोफेवर बसलेला तू दिसलास. लेख कुठाय?"

लेखाचे सहा फोटो होते. दोनांत फ्लॅशचा पांढरा गोळा, एक हललेला, दोन इतक्या लांबून की अक्षर म्हणजे नुसती खरखर. सहाव्यात लेखापुढे मी उभा होतो. अण्णा रागावले नाहीत. "असू दे," म्हणाले आणि चहा मागवला. शिक्षकाचं ते "असू दे" ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

लाज वाटायला आणखी एक कारण होतं. मी तोफखान्यातला. आमच्याकडे ओपी अधिकाऱ्याला सुरुवातीलाच पॅनोरामा स्केच काढायला शिकवतात. समोरचा मुलूख डावीकडून उजवीकडे कागदावर उतरवायचा. ठळक खुणा, त्यांचं अंतर, बेअरिंग. कोपऱ्यात जागा, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव. चित्र देखणं नसलं तरी चालतं. कसोटी एकच, उद्या तुमच्या जागी दुसरा अधिकारी आला तर त्या कागदावरून त्याला समोरचा डोंगर ओळखता आला पाहिजे. ही विद्या मी दहा वर्षं नोकरीत वापरली होती. तंजावरच्या देवळात शिरताना मात्र ती बुटांबरोबर बाहेर ठेवून आलो.

गेल्या वर्षी चेन्नईला पोस्टिंग आली आणि ते काम पुरं करायची संधी मिळाली. या वेळी आधी अभ्यास केला. त्या अभ्यासात एक जुना फौजी भेटला. आजचा लेख मुख्यतः त्याच्याविषयी आणि त्याच्याकडून मी जे शिकलो त्याविषयी.

कॅप्टन ट्राइप

लिनियस ट्राइप हा इंग्लंडातल्या डेव्हनपोर्टचा, जन्म १८२२. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत आला. १८५० च्या सुमारास लांब रजेवर मायदेशी गेला असताना छायाचित्रणाची नवी कला शिकला आणि परत येताना कॅमेरा घेऊन आला. १८५४ च्या अखेरीस त्याने हळेबीड आणि बेलूरच्या देवळांची छायाचित्रं काढली. १८५५ मध्ये आव्याच्या दरबारी गेलेल्या इंग्रज वकिलातीबरोबर त्याला ब्रह्मदेशात पाठवलं. तिथून परतल्यावर त्याची नेमणूक मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार म्हणून झाली.

तो काही एकटा नव्हता. त्या दशकात हिंदुस्थानातल्या वास्तूंचे फोटो काढणाऱ्यांत फौजी माणसं बरीच दिसतात. विजापूर, बदामी, ऐहोळेचे फोटो काढणारा कॅप्टन बिग्ज मुंबईच्या तोफखान्यातला. हंपीचे भग्नावशेष १८५६ मध्ये टिपणारा ग्रीनलॉ मद्रास फौजेतला. आग्र्याचा डॉ. जॉन मरे कंपनीच्या वैद्यकीय सेवेतला. आपल्या अजिंठ्याला १८४४ पासून मुक्काम ठोकून चित्रांच्या नकला करणारा आणि पुढे कॅमेरा हाती घेणारा रॉबर्ट गिल, तोही मद्रास फौजेचाच अधिकारी.

हे का घडलं असावं, हे फौजेतल्या वाचकांना सांगायला नको. मोजमापाची सवय, सामान बांधायची आणि हलवायची सवय, दूरच्या ठाण्यावर हाताशी असलेला रिकामा वेळ आणि वरून आलेला हुकूम. कंपनी सरकारला आपल्या ताब्यात काय काय आहे याची नोंद हवी होती. चित्रकार ठेवण्यापेक्षा कॅमेरा अचूक, असा हिशोब होता. हे छायाचित्रण म्हणजे कलेची हौस होती तशीच ती जिंकलेल्या मालाची यादीही होती. हे विसरून ट्राइपचे फोटो बघू नयेत.

१८५८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत ट्राइप तंजावरला पोचला. ती वेळ लक्षात घ्या. उत्तरेत लढाई अजून चालू होती. तंजावरचे शेवटचे भोसले राजे, दुसरे शिवाजी, १८५५ मध्ये पुत्र नसताना वारले होते आणि कंपनीने राज्याबरोबर राजवाड्यातली चीजवस्तूही ताब्यात घेतली होती. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी त्याविरुद्ध दावा लावला होता. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल राणीच्या विरोधात लागला. राज्य घेणं ही राजसत्तेची कृती आहे, त्यात न्यायालय हात घालू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याचे विद्यार्थी आजही तो खटला शिकतात. म्हणजे कॅप्टनसाहेब देवळासमोर कॅमेरा मांडत होते तेव्हा राजवाड्याचा खटला अजून चालू होता.

एकवीस तुकड्यांची पट्टी

त्या काळचा कॅमेरा म्हणजे मोठी लाकडी पेटी. ट्राइप मेण लावलेल्या कागदाच्या निगेटिव्ह वापरत असे. त्या साधारण बारा बाय पंधरा इंचांच्या, आणि छापही तेवढाच. कागदावर रसायनं स्वतः चढवायची, एकेका चित्राला काही मिनिटं कॅमेरा उघडा ठेवायचा, आणि हे सगळं कावेरीकाठच्या उकाड्यात. दिवसभरात हाती लागणारी चित्रं मोजकीच. माझे तीनशे बारा दोन दिवसांतले. त्याला प्रत्येक चित्राआधी विचार करणं भाग होतं, मला नव्हतं. फरक इथूनच सुरू होतो.

बृहदीश्वराचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा तो दोनशे फुटांहून उंच मनोरा, पाहिला की कोणीही मान वर करतो आणि कॅमेराही वर करतो. ट्राइपने उंच विमानाचं चित्र घेतलंच, पण मग तो खाली वळला. विमानाच्या पायथ्याच्या थरांवर ओळींमागून ओळी तमिळ लेख कोरलेला आहे. त्याने भिंतीला समांतर राहून, कॅमेरा सरकवत सरकवत, त्या लेखाची एकवीस चित्रं घेतली. त्यांचे छाप कडेला कडा लावून जोडले. तयार झाली सुमारे १९ फूट लांबीची एकच पट्टी. आज मोबाइल फिरवला की पॅनोरामा तयार होतो. १८५८ मध्ये हे काम किती अवघड असेल याची कल्पना करा. प्रत्येक वेळी अंतर तेच, उंची तीच, उजेड जवळपास तोच आणि आधीच्या चित्राची कडा कुठे संपली याची पक्की नोंद.

मी ती पट्टी पहिल्यांदा पडद्यावर बघितली तेव्हा तोंडातून निघालं, "अरे, हे तर ओपीचं पॅनोरामा स्केच!" देखणेपणा इथे दुय्यम आहे. जो तिथे जाऊ शकत नाही त्याला हा दगड बसल्या जागी पाहता यावा, एवढाच हेतू.

आणि त्या दगडात काय आहे? पहिल्या राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पुरं केलं. आपण काय दिलं, थोरल्या बहिणीने काय दिलं, राण्यांनी काय दिलं आणि इतरांनी काय दिलं, ते सगळं विमानावर कोरा अशी त्याची आज्ञा होती. त्यामुळे हा लेख म्हणजे एका परीने देवळाची कीर्दखतावणी आहे. सोन्याचांदीची भांडी वजनासकट. दागिने त्यांतल्या मोत्यांच्या मोजदादीसकट. दिव्यांच्या तुपासाठी कोणाकडे किती जनावरं सोपवली ते. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे निरनिराळ्या गावांच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तकी. त्यांची नावं, त्या कोणत्या देवळातून आल्या, तंजावरच्या कोणत्या आळीत त्यांना कितवं घर दिलं, वर्षाला किती भात मिळायचा, सारं लिहिलेलं. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचा पत्ता दगडावर आहे. आपल्या रेजिमेंटच्या जुन्या नामावळ्यासुद्धा इतक्या नेटक्या नसतील.

पुढे सरकारी पुराभिलेखतज्ज्ञ हुल्ट्श यांनी हे लेख वाचून, भाषांतरासह प्रसिद्ध केले आणि देवळाचा कर्ता राजराज हे पुराव्यानिशी सिद्ध झालं.

रिकामं देऊळ

ट्राइपच्या चित्रांत एक गोष्ट प्रथमदर्शनी फार आवडते. देऊळ रिकामं आहे. भलंमोठं फरसबंद अंगण, विमान, नंदी आणि शांतता. आपल्यालाही असाच फोटो हवा असतो. "जरा ते लोक जाऊ देत," म्हणत आपण दहा मिनिटं थांबतो. मीही थांबलो होतो.

पण अंगण तितकं ओस नसणार. मिनिटामिनिटांच्या उघडीपीत चालती माणसं कागदावर उमटतच नाहीत. पुजारी गेला, फुलवाली गेली, पोर पळत गेलं, कशाचाच ठसा राहिला नाही. उरला तो फक्त दगड. त्या काळच्या कागदाला निळा रंग नीट पेलत नसे, त्यामुळे आकाशही कोरं पांढरं यायचं. ट्राइप निगेटिव्हवर रंग लावून आकाशात ढग रंगवत असे. म्हणजे जे तिथे होतं ते गेलं आणि जे नव्हतं ते आलं! फिल्टरला नावं ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावं.

यात ट्राइपने फसवलं असं मला म्हणायचं नाही. ढग रंगवणं ही त्या काळी रूढ गोष्ट होती आणि माणसं गायब होणं हा तंत्राचा दोष होता. पण त्या दोषाचं आपण सौंदर्य केलं. स्मारकाचा "चांगला" फोटो म्हणजे माणसं नसलेला फोटो, असं आपल्या डोळ्यांत बसलंय. ज्या भिंतीवर चारशे बायकांची घरं लिहिलेली आहेत, त्या भिंतीचा फोटो काढताना आपण माणसं बाजूला व्हायची वाट बघतो.

म्हणून या वेळी मी ठरवलं, थांबायचं नाही. उलट माणूस येऊ द्यायचा. त्याने प्रमाणही कळतं. विमान किती उंच आहे हे आकडा सांगून कळत नाही, पायथ्याशी डोक्यावर टोपली घेतलेली बाई आली की लगेच कळतं. फक्त अनोळखी माणसाचा चेहरा जवळून घेताना आधी विचारावं. भाषा येत नसली तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवून हसावं, उत्तर मिळतं.

नसलेला नंदी

देवळानंतर संग्रहालय. ट्राइपने तेही काम केलं होतं. अमरावतीच्या स्तूपाचे जे शिल्पपट वॉल्टर एलियटने १८४५ च्या सुमारास खणून काढून मद्रासला पाठवले होते, ते पुढे अनेक वर्षं उघड्यावरच पडून होते. १८५८ मध्ये ट्राइपने मद्रासच्या संग्रहालयात त्यांचे फोटो घेतले. पुढच्याच वर्षी ते दगड जहाजावर चढवून लंडनला गेले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते या देशात होते त्या शेवटच्या दिवसांतली त्यांची अवस्था ट्राइपच्या फोटोंत दिसते. संग्रहालयात काढलेला साधा, सरळ फोटो पुढे कधी दस्तऐवज होईल सांगता येत नाही. चेन्नईत एग्मोरच्या संग्रहालयात अमरावतीचे मागे राहिलेले आणि नंतर आलेले शिल्पपट आहेत, ते जरूर बघा.

तंजावरच्या राजवाड्यातल्या कलादालनात चोळ काळातल्या ब्राँझच्या मूर्ती आहेत. त्यांतली एक तिरुवेंकाडूची, १०११ सालची. जटांचा फेटा बांधलेला शिव, एक पाय दुसऱ्यावरून तिरका टाकून रेलून उभा आहे, हात हवेत टेकलेला. हवेत, कारण ज्या नंदीवर तो हात होता तो नंदी आता नाही. पहिल्या वेळी मी या मूर्तीचा चेहरा आणि छाती भरून घट्ट फोटो काढला होता. घरी कोणालाच कळेना, हा देव असा वाकडा का उभा आहे. या वेळी मागे सरकलो आणि हाताखालची रिकामी जागा फोटोत पुरती येऊ दिली. माझी मुलगी अकरावीत आहे. तिने फोटो बघितला आणि विचारलं, "बाबा, इथे काहीतरी होतं ना?" ती जागा फोटोत ठेवली म्हणूनच हा प्रश्न आला.

संग्रहालयासाठी मी आता पाळतो ते चार नियम सांगून टाकतो. आत शिरताना फोटो चालतो का हे विचारायचं, कॅमेऱ्याचं तिकीट असेल तर काढायचं. फ्लॅश कायमचा बंद. रंगांना तो बाधतो आणि काचेवर आपल्यालाच आंधळं करतो. काचेच्या कपाटापुढे गडद शर्ट घालून जायचं आणि लेन्स काचेच्या शक्य तितकी जवळ, पण न टेकवता, धरायची, म्हणजे आपलं प्रतिबिंब येत नाही. आणि वस्तूच्या आधी तिच्या नावाच्या पाटीचा फोटो घ्यायचा. पाटी आधी, वस्तू नंतर, हा क्रम मोडायचा नाही. सहा महिन्यांनी सगळे नटराज सारखेच दिसतात.

मनाई असेल तिथे मनाई पाळायची. बृहदीश्वराच्या गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळ काळातली भित्तिचित्रं आहेत. त्यांच्यावर नायक काळात दुसरी चित्रं रंगवली गेली होती, मूळची १९३१ मध्ये उजेडात आली. तो मार्ग सर्वांसाठी खुला नसतो. ओळखपत्र दाखवून आत जाता येतं का, असा विचार माझ्या मनात आला होता, खोटं कशाला बोलू. पण आपण पहाऱ्यावर असताना कोणी "जरा सोडा की साहेब" म्हटलं तर आपण काय करतो? त्या चित्रांच्या प्रतिमा देवळाच्या आवारातल्या माहिती केंद्रात लावल्या आहेत, त्या बघून बाहेर पडलो.

अण्णांचं काम

आता मूळ काम. मराठी लेख देवळाच्या प्राकारातल्या ओवरीच्या भिंतीवर, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे आहे. देवनागरीत, १८०३ सालचा. बाबूराव चिटणीसांनी रचलेला भोसले घराण्याचा इतिहास. मराठीतल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते.

१८०३ हा आकडा आपल्या ओळखीचा आहे. असई, लासवारी, आडगावचं वर्ष. इकडे मराठी फौजा इंग्रजांशी झुंजत होत्या आणि तिकडे दूर कावेरीकाठी सरफोजीराजे आपल्या घराण्याची कुळकथा दगडात कोरवून घेत होते. १७९९ च्या करारानेच त्यांचा राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. हाती उरलं होतं तंजावरचं ठाणं, राजवाडा आणि ग्रंथालय. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी किती वाढवलं हे सर्वांना माहीत आहे. अधिकार गेलेला राजा काय करू शकतो? लिहून ठेवू शकतो. राजराजाने आपल्या वैभवाच्या भरात लिहिलं, सरफोजींनी राज्य गेल्यावर लिहिलं. दोन्ही एकाच देवळात, आठशे वर्षांच्या अंतराने.

आमच्या युनिटचे एक सुभेदार साहेब तंजावरकडचेच. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "सर, सकाळी देऊळ उघडताच जा." गेलो. बरोबर मुलगी, एक साधा कॅमेरा, एक वही आणि पेन्सिल.

आधी विमानाच्या पायथ्याचा तमिळ लेख बघितला. तिथे उजेडाचा धडा मिळाला. दगडात कोरलेलं अक्षर म्हणजे उथळ खाच. ऊन समोरून पडलं की खाच आणि दगड सारखेच उजळतात, अक्षर पुसल्यासारखं होतं. तेच ऊन बाजूने, भिंतीला घासून आलं की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि अक्षर उभं राहतं. भरदुपारी काढलेला शिलालेखाचा फोटो म्हणून वाया जातो. डोंगराच्या उतारावरचे खंदक सकाळ-संध्याकाळच उठून दिसतात, त्यातलाच हा प्रकार.

ओवरीत थेट ऊन नव्हतं. अंगणातल्या फरशीवरून परतलेला मऊ उजेड होता. रखवालदाराला विचारलं, दुरूनच काढणार, हात लावणार नाही, असं सांगितलं. तो मान हलवून बाजूला बसला. मग ट्राइपच्या पद्धतीने सुरुवात केली. आधी दुरून संपूर्ण भिंत, म्हणजे कोणता तुकडा कुठला ते कळेल. मग डावीकडून उजवीकडे, एक ओळ संपली की खालची. प्रत्येक फोटोत आधीच्याचा तिसरा हिस्सा पुन्हा येईल असा. कॅमेरा भिंतीला अगदी समांतर. जवळ जाऊन रुंद लेन्स वापरली की कडेची अक्षरं फाकतात, म्हणून मागे राहून झूम. मुलगी वहीत नोंद करत होती: पट्टी एक, तुकडा एक. पट्टी एक, तुकडा दोन. दर थोड्या वेळाने मी पडद्यावर मोठं करून बघत होतो, अक्षर लागतंय की नाही. घरी जाऊन बघू म्हणणाऱ्याला पुन्हा यावं लागतं, हे मी अनुभवाने सांगतो.

तासाभराने एक वृद्ध गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. पांढरं वेष्टी, कपाळाला भस्म. आमचं बोलणं ऐकत होते. मग मराठीत बोलले. आपल्या कानाला वेगळी वाटणारी, जुन्या वळणाची आणि तमिळ हेल असलेली मराठी, पण मराठीच. पिढ्यान् पिढ्या तंजावरात आहेत. घरात हीच भाषा, शाळा मात्र तमिळ. लहानपणापासून या लेखासमोरून येत-जात आहेत. म्हणाले, लिहिलंय आमच्याच भाषेत, पण ही अक्षरं मला येत नाहीत.

मी काही बोलायच्या आत मुलगी भिंतीसमोर उभी राहिली आणि वाचू लागली. तिचं शिक्षण केंद्रीय विद्यालयांत, पाच राज्यांत. देवनागरी हिंदीमुळे पक्की, मराठी घरातली. दोनशे वर्षांपूर्वीचं वळण, शब्द तोडलेले नाहीत, त्यामुळे अडखळत वाचत होती. शहाजी, व्यंकोजी अशी नावं आली की आजोबा मान डोलवत. तिला अक्षर लागायचं पण शब्द कळत नसे, त्यांना अक्षर कळत नसे पण कानावर पडलेला शब्द ओळखीचा वाटायचा. दोघं मिळून चार-पाच ओळी पुढे गेले. मी एकच फोटो काढला, त्यांना विचारून. त्यात ती बोट हवेत धरून वाचतेय, ते ऐकतायत, मागे भिंत. लेख त्यात धड वाचता येत नाही. तरी तो ठेवलाय.

उरलेलं

ट्राइपचं पुढे काय झालं? १८५९ मध्ये मद्रासला नवे गव्हर्नर आले, चार्ल्स ट्रेव्हेलियन. सत्तावन्ननंतर तिजोरीची ओढाताण होती. छायाचित्रण ही चैन परवडणारी नाही असं त्यांनी ठरवलं आणि ट्राइपचं खातं गुंडाळलं. तो फौजेच्या कामावर परत गेला, छायाचित्रण जवळजवळ सुटलं. निवृत्त होऊन इंग्लंडला गेला आणि १९०२ मध्ये वारला. छायाचित्रकार म्हणून त्याचं मोठं प्रदर्शन अमेरिकेत आणि लंडनमध्ये भरलं ते २०१४-१५ साली. बजेट कापलं म्हणून चांगलं काम बंद पडल्याची उदाहरणं आपल्यातल्या प्रत्येकाकडे असतील. पण तोवर केलेलं काम नीट केलेलं होतं, नावनिशीवार होतं, म्हणून दीडशे वर्षांनी ते उभं राहिलं.

वेटरन मित्रांना एक विनंती. आपण देशभर हिंडलो. जिथे पर्यटक जात नाहीत तिथल्या गुंफा, समाध्या, युद्धस्मारकं आपण पाहिली. आपल्याकडे ट्रंका भरून फोटो आहेत. त्यांच्या मागे जागा, साल आणि माणसांची नावं लिहा. या रविवारीच बसा. मोबाइलमधले असतील तर निदान नाव देऊन वेगळे ठेवा. "कुठलं हो हे?" असं नातवाने विचारलं तर सांगायला आपण असूच, अशी खात्री नाही.

आणि अण्णांचं सांगायचं राहिलं. मराठी लेखाचे एकशे सेहेचाळीस फोटो क्रमवार छापून त्यांना पाठवले. ते आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. भिंग घेऊन रोज सकाळी दोन-तीन तुकडे वाचतात आणि वहीत उतरवून काढतात. तीन आठवडे काही बोलले नाहीत. गेल्या रविवारी फोन आला.

"फोटो चांगले आलेत. वाचता येतंय."

मी खुर्चीत सरळ बसलो. बढतीचं पत्र वाचताना इतकं बरं वाटलं नव्हतं.

"पण चौथ्या पट्टीत सातव्या आणि आठव्या तुकड्याच्या मध्ये दोन बोटांची जागा राहिलीय. तिथे एक नाव आहे, अर्धंच दिसतंय. परत कधी जातोयस?"

पुढच्या महिन्यात जातोय. सकाळी देऊळ उघडताच.

जय हिंद.